ताल आणि दम

फेब्रुवारी १९९८ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे, बंदिस्त क्रीडागृहात, इथिओपियाचा हैले गेब्रसेलासी दोन हजार मीटर धावला. धावताना ध्वनिक्षेपकावर ‘स्कॅटमॅन’ हे गाणे लावावे, ही विनंती त्याचीच होती. त्याने ४ मिनिटे ५२.८६ सेकंदांचा विश्वविक्रम केला. मग ह्या विक्रमाचे श्रेय गाण्याला द्यायचे काय?

ताल श्रम हलके करतो, हे आपल्याला जात्यावरच्या ओव्यांनी आणि पंढरीच्या वाटेवरील टाळमृदंगाने केव्हाच शिकविले आहे. मोजमाप मात्र पुढे झाले. न्यूयॉर्कच्या सहा दिवसांच्या सायकल शर्यतीत बँड वाजत असता स्वारांचा वेग ताशी १९.६ मैल आणि बँड थांबल्यावर १७.९ मैल पडतो, असे लिओनार्ड एअर्स यांनी १९११ साली नोंदविले.

ह्याचे एक कारण मनाचे आहे. धावताना श्वास, पोटऱ्या, छाती ह्या सर्वांकडून मेंदूला थकव्याचे निरोप जात असतात. संगीत मेंदूचे लक्ष वाटून घेते, त्यामुळे तेच श्रम कमी वाटतात. दुसरे कारण तालाचे. २०१२ साली पीटर टेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अव्वल ट्रायथलॉनपटूंना ट्रेडमिलवर तालाशी पाऊल जुळवून धावविले. शांततेच्या तुलनेत, स्फूर्तिदायक संगीतावर ते दमेपर्यंत १८.१ टक्के अधिक काळ धावले. गंमत अशी, की मनाला न चेतविणाऱ्या साध्या संगीतावर हाच आकडा १९.७ टक्के आला! म्हणजे येथे गाण्याच्या गोडीपेक्षा ठेक्याचेच काम मोठे होते. पाऊल एकसारखे पडले की प्राणवायूही किंचित कमी लागतो.

परंतु वेग फार वाढला, की शरीराचे निरोप इतके मोठ्याने येऊ लागतात की गाणे त्यांना झाकू शकत नाही. संगीत दम वाढवीत नाही. दमाची जाणीव तेवढी मागे ढकलते.

शर्यतीत तर त्याला मज्जावच आहे. कानाला यंत्र लावून धावणे आंतरराष्ट्रीय नियमांत बाहेरची मदत समजले जाते. अमेरिकेच्या अॅथलेटिक्स संघटनेने २००७ साली सरसकट बंदी घातली आणि पुढच्या वर्षी ती बक्षिसासाठी धावणाऱ्यांपुरती ठेवली.

ह्याचा धडा मला आंतरमहाविद्यालयीन शर्यतीत मिळाला. सारा पावसाळा मी इयरफोन लावून सराव केला होता. शर्यतीच्या दिवशी कान मोकळे, आणि वेग किती ठेवावा हेच उमजेना. पहिला किलोमीटर उधळलो, तिसऱ्यात पोटात कळ आली, शेवट चालतच गाठला. माझा श्वास मी महिनोन् महिने ऐकलाच नव्हता!

आता संगीत अंग गरम करताना आणि सावकाश, लांब धावण्यापुरतेच. माझी पावले मिनिटाला सुमारे १७० पडतात. म्हणून मिनिटाला ८५ ठोक्यांचे गाणे निवडतो, दोन पावलांना एक ठोका. रस्त्यावर एक कान मोकळा, कारण मागून येणारा ट्रक ताल पाहून येत नाही. वेगाच्या सरावाला मात्र इयरफोन खोलीवरच राहतात. त्या दिवशी तीन पावलांत श्वास आत, दोन पावलांत बाहेर, असे मनात मोजीत धावतो.