"वाईच खाली येवंदे, मगे घेतंय"

जून-जुलै, मासेमारी बंद. मालवणच्या किनाऱ्यावर होड्या झापांखाली शाकारलेल्या आणि आमचे शेजारचे काका मोबाइलवर इन्फोसिसचा भाव बघत बसलेले. तीन वर्षं त्यांचं एकच पालुपद, ते वर शीर्षकात दिलंय.

काका रापणीतले मच्छीमार. पाण्याचा रंग बघून मासळी कुठे आहे ते सांगतात, म्हणून बाजाराची वेळही साधेल अशी खात्री. मी त्यांना कागदावर हिशोब मांडून दाखवला.

१९९३ साली इन्फोसिसचा पब्लिक इश्यू आला, भाव ९५ रुपये. तेव्हा पुरेशी मागणीसुद्धा नव्हती! १०० शेअर म्हणजे ९,५०० रुपये. मग आठ वेळा बोनस आणि एकदा स्प्लिट. नुसते धरून ठेवले असते, तर २०१८ पर्यंत त्या शंभराचे १,०२,४०० शेअर झाले असते.

ऐकायला सोपं. पण २००० मध्ये आयटीचा फुगा फुटला, आणि १० एप्रिल २००३ ला एका दिवसात भाव पाव हिश्शाहून जास्त कोसळला. त्या रात्री किती जण गप्प बसले असतील?

शिवाय सत्यम या आयटी कंपनीचे शेअरही धरून ठेवणारे होतेच की. ७ जानेवारी २००९ ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी खोट्या हिशोबांची कबुली दिली आणि शेअरची तीन चतुर्थांश किंमत दिवसात गेली. म्हणून मी एकाच कंपनीत अडकत नाही. निफ्टी आयटीच्या इंडेक्स फंडात दरमहा थोडे टाकतो. तेही थोडेच.

काकांनी सगळं ऐकलं, चष्मा वर सरकवला. "ता ऱ्हवांदे. आज भाव कितको आसा?"