किती गेलं तर फोन करायचा?

सकाळी ८.३०
तालुक्याच्या गावातलं आमचं छोटं हॉस्पिटल. गर्भपात केंद्राच्या मान्यतेचा दाखला दर्शनी भिंतीवर लावलेला. माझा राउंड होईपर्यंत सिस्टर कपाटातली पाकिटं मोजून वहीत लिहिते. एका पाकिटात मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार. हा साठा आम्हालाच ठेवावा लागतो. स्त्रीभ्रूणहत्येची प्रकरणं उघडकीला आल्यावर राज्यात औषध दुकानांच्या तपासण्या कडक झाल्या आणि अनेक मेडिकलवाल्यांनी ‘कटकटच नको’ म्हणून या गोळ्या ठेवणं बंद केलं. खरं तर या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच द्यायच्या असतात आणि सोनोग्राफीत लिंग कळतं ते त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. पण गोळी म्हटलं की लोकांना मुलगी पाडणंच आठवतं.

सकाळी १०.००
पहिली पेशंट तिशीच्या आतली, दोन मुलांची आई. धाकटं अजून अंगावर पितंय. “मॅडम, पंधरा दिवस वर गेलेत.” शेवटची पाळी कधीची? तारीख आठवत नाही, पण संकष्टीच्या आदल्या दिवशी आली होती हे पक्कं. सिस्टर भिंतीवरचं कॅलेंडर बघते, दिवस मोजते. सहा आठवडे.

तपासणीत मी तीन गोष्टी बघते. गर्भ पिशवीतच आहे ना? नळीत अडकलेल्या गर्भावर या गोळ्या काहीच करत नाहीत आणि नळी फुटल्यावर होणारं दुखणं बाई गोळीचं समजून सोसत राहते. एचबी किती? आठच्या खाली असेल तर मी गोळ्या देत नाही. रक्तगट निगेटिव्ह आहे का? असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन. मग प्रश्न: तांबी बसवलेली आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, दम्यासाठी किंवा आणखी कशासाठी बरेच दिवस स्टेरॉईड घेताय का?

“मिस्टरांची सही लागेल ना? ते कामाला गेलेत.”

लागत नाही. अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची सही पुरते. १९७१च्या कायद्यात नवऱ्याच्या संमतीची अट नाही. २०२१च्या दुरुस्तीनंतर तर साधन फसल्याचं कारण लग्न न झालेल्या बाईलाही सांगता येतं. तिचं नाव बाहेर फोडणं हा गुन्हा आहे. हे ऐकल्यावर ती पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकून बसली.

सकाळी १०.४०
आता मुख्य काम. ते म्हणजे बोलणं. पहिली गोळी ती माझ्यासमोर पाण्याबरोबर घेते. गर्भ टिकवून ठेवणारं प्रोजेस्टेरॉन ही गोळी अडवते. आज बहुतेक काही जाणवणार नाही. थोडं मळमळेल, एखादीला डागही दिसेल. अर्ध्या तासात उलटी झाली तर मात्र गोळी पुन्हा घ्यावी लागते, म्हणून तिला बाकावर बसवून ठेवते. उरलेल्या चार परवा, पोटात काहीतरी घालून. त्यांनी पिशवीचं तोंड मऊ होतं, पिशवी आवळते आणि आतलं बाहेर पडतं. आज काही झालं नाही म्हणून परवाच्या चुकवायच्या नाहीत, हे दोनदा सांगते.

दुपारी १२.००
आतल्या खोलीत एक मुलगी आहे, तिचा आज तिसरा दिवस. साडेनऊला चारही गोळ्या गालात, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. अर्धा तास तशाच धरायच्या, मग उरलेला चुरा पाण्याबरोबर गिळायचा. तोंडाला खडूसारखी चव येते म्हणाली. साडेदहाला थंडी वाजायला लागली. सिस्टरने दोन ब्लँकेटं घातली, ताप १००.४. मग एकदा जुलाब. अकराला कंबरेतून कळा सुरू झाल्या, तेव्हा आयबुप्रोफेन दिलं. त्याने गोळ्यांचा असर कमी होत नाही, त्यामुळे कळा सोसत बसायची गरज नाही. पावणेबाराला अंगावरून जायला लागलं. “मॅडम, गाठी पडतायत.” पडणारच. पाळीपेक्षा जास्त जाणार, गाठीही जाणार. थंडी, ताप, मळमळ, जुलाब ही मिसोप्रोस्टॉलची ठरलेली लक्षणं आहेत आणि बहुतेकींची त्याच दिवशी ओसरतात. ताप दुसऱ्या दिवशीही उतरला नाही किंवा घाण वास यायला लागला तर मात्र तो जंतुसंसर्ग समजायचा आणि लगेच यायचं.

दुपारी ३.३०
शेजारच्या तालुक्यातून आलेली बाई. नवऱ्याने कुठूनशी पाकीट आणलं, तपासणी नाही, चिठ्ठी नाही. तिने पाचही गोळ्या एकदम घेतल्या. अठरा दिवस झाले, रक्त थांबत नाही. एचबी ७.४, ओठ पांढरे. सोनोग्राफीत पिशवीत तुकडे दिसतात. “क्युरेटिन करणार?” ती घाबरून विचारते. खरवडणार नाही, नळीने ओढून पिशवी रिकामी करणार, संध्याकाळी रक्तही चढवणार.

अशा बायका थोड्याथोडक्या नाहीत. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या अभ्यासानुसार २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यातले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. गोळी वाईट नाही. नीट दिली तर शंभरातल्या पंचाण्णवहून जास्त जणींना पुढं काही करावं लागत नाही. पण पाकिटाबरोबर कुणी काहीच सांगितलं नाही, तर किती रक्त नेहमीचं आणि किती धोक्याचं, हे बाईने कशावरून ठरवायचं?

सायंकाळी ६.००
फेरतपासणीची वेळ, गोळ्यांनंतर पंधराव्या दिवशीची. लग्न न झालेली एक मुलगी घरी लघवीची पट्टी करून आली आहे आणि दोन रेघा बघून हादरली आहे. पट्टी चार आठवड्यांपर्यंत खोटं बोलू शकते. सोनोग्राफीत पिशवी रिकामी आहे. थोडं डागणं पुढच्या पाळीपर्यंत चालेल. गर्भ राहिलाच असता तर तो ठेवू नका म्हटलं असतं, कारण या औषधाने बाळात व्यंग येण्याचा धोका असतो. तिचा खरा प्रश्न ती दाराशी गेल्यावर विचारते, “पुढं मूल होईल ना?” होईल. उलट पुढची पाळी यायच्या आधीही दिवस राहू शकतात, म्हणून आत ये आणि साधनाचं ठरवूनच जा. तांबी, रोजच्या गोळ्या, तीन महिन्यांचं इंजेक्शन, काय जमेल ते.

रात्री ९.४५
दुपारच्या मुलीचा फोन. “मॅडम, सातपासून तीन पॅड झाले. एक गाठ लिंबाएवढी होती. ताप गेला, चक्कर नाही.” सगळं तिनेच सांगितलं, मला विचारावंच लागलं नाही. मी म्हटलं, ठीक आहे, जेवून आणखी एक आयबुप्रोफेन घे. तासाला दोन पॅड पूर्ण भिजले आणि असं सलग दोन तास झालं, तर फोनही करू नकोस, थेट ये, रात्रपाळीची सिस्टर दार उघडेल. “दोन तासांत चार पॅड, बरोबर?” बरोबर. हा हिशोब सांगायला एक मिनिट लागतं. साडेतीनच्या बाईला तो कुणी सांगितला असता, तर ती पहिल्याच रात्री आली असती.