डार्क माइल्ड एल

गडद रंगाची, कमी कडवट अशी पारंपरिक इंग्लिश बिअर. ‘माइल्ड’ म्हणजे सौम्य, असा समज रूढ असला, तरी मूळ अर्थ ‘न मुरवलेली, ताजी’ असा होता. एकोणिसाव्या शतकातील माइल्ड पुष्कळदा चांगलीच कडक असे. पहिल्या महायुद्धातील (१९१४–१८) धान्यटंचाई व करवाढ यांमुळे ती सौम्य झाली. आता तीत अल्कोहॉल सामान्यतः ३ ते ४ टक्के असते. मिडलंड्स व वायव्य इंग्लंडमधील कामगारांचे हे नित्याचे पेय १९६० नंतर मागे पडले.

पेल्यात काळपट वाटणारी ही एल उजेडासमोर धरल्यास बहुधा माणकासारखी लालसर दिसते. हॉप बेताचेच वापरल्याने भाजक्या माल्टची चव झाकली जात नाही. पावाची खरपूस कड, टॉफी, मनुका, क्वचित कॉफी यांची आठवण होते. फार थंड केल्यास या छटा लोपतात, म्हणून ती तळघराच्या तापमानास (सु. ११°–१३° से.) देतात. पिंपातच दुय्यम किण्वन होत असल्याने वायू मंद असतो. हलकेपणा हा तिचा दोष नव्हे. आंबटपणा मात्र निश्चित दोष होय. उघडलेले पीप थोड्याच दिवसांत संपवावे लागते. खप घटलेल्या पबमध्ये ते रेंगाळते, बिघडते आणि दूषण माइल्डला लागते. मूरहाउसेसच्या ‘ब्लॅक कॅट’ या माइल्डने २००० साली ‘चँपियन बिअर ऑफ ब्रिटन’ हा मान मिळविला.