उसन्या बँडविड्थचा हिशोब

इंटरनेटच्या लाइनवर ताण आला की कार्यालयात पहिला उपाय सुचतो तो बंदीचा, आणि दुसरा कायमच्या वाटणीचा: प्रत्येक विभागाला हिस्सा ठरवून द्या, त्यापलीकडे कुणाला जाऊ देऊ नका. दुसरा उपाय न्याय्य वाटतो, पण त्यात मोठी नासाडी आहे. लाइनची क्षमता साठवून ठेवता येत नाही; या सेकंदाला जी वापरली नाही ती गेली. त्यामुळे हिस्सा ठरवण्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा की, एखाद्याचा हिस्सा रिकामा असेल तेव्हा तो आधी कुणी वापरायचा. सॅली फ्लॉइड आणि व्हॅन जेकबसन यांनी 1995 च्या शोधनिबंधात नेमका हाच प्रश्न धरला. गर्दीच्या वेळी वाहतुकीच्या प्रत्येक वर्गाला त्याचा वाटा मिळावा आणि उरलेली क्षमता वाटेल तशी न जाता नियमाने वाटली जावी, अशी त्यांची मांडणी होती. श्रेणीबद्ध शेपिंगचे, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी वेग वाटून देण्याच्या पद्धतीचे, मोल मर्यादा घालण्यात नाही, उसनवारीला शिस्त लावण्यात आहे, असे मला वाटते ते यामुळेच.

फ्लॉइड-जेकबसन यांच्या विचारावर उभी राहिलेली सीबीक्यू (क्लास-बेस्ड क्यूइंग) ही पद्धत लाइन किती वेळ रिकामी आहे याचा अंदाज बांधून चाले, आणि तो अंदाज जमवणे कटकटीचे होते. चेक प्रोग्रॅमर मार्टिन देवेरा यांच्या एचटीबीने (हायरार्किकल टोकन बकेट) ते काम टोकनांवर, म्हणजे पॅकेट पाठवण्याच्या परवान्यांवर, सोपवले. 2002 मध्ये ही पद्धत लिनक्सच्या 2.4.20 या आवृत्तीत आली. सीबीक्यू मात्र 2023 मध्ये लिनक्समधून काढून टाकण्यात आली. एचटीबीत प्रत्येक वर्गाला दोन आकडे दिलेले असतात: हक्काचा वेग आणि कमाल वेग. हक्काच्या वेगाने टोकन जमा होत राहतात आणि पॅकेट जेवढे मोठे तेवढे टोकन खर्ची पडतात. स्वतःचे टोकन संपले की वर्ग आपल्या पालक वर्गाकडे, म्हणजे वरच्या पायरीवरच्या वर्गाकडे, उसने मागतो.

समजा, 10 एमबीपीएसच्या लाइनवर एका विभागाचा हक्क 6 आणि दुसऱ्याचा 4 आहे. पहिल्या विभागात 2 फोन कॉलसाठी आणि 4 फायलींसाठी राखले आहेत. कॉल थांबले की ते 2 फायलींकडे जातात, कारण त्यांवर पहिला हक्क त्याच विभागाचा. त्या विभागालाच गरज नसेल तर उरलेले वरच्या पायरीवरून दुसऱ्या विभागाला मिळतात. कॉल पुन्हा सुरू झाले की क्षणार्धात त्यांचा वाटा त्यांना परत. सपाट वाटणीत हा क्रम सांगण्याची सोयच नसते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: एवढा खटाटोप कशाला, मोठी लाइन घ्या. पण मोठ्या फायलीची डेटा पाठवणी मिळेल तेवढी क्षमता भरून टाकते आणि पॅकेट रांगेत साचतात. 10 एमबीपीएसवर 1,500 बाइटचे एक पॅकेट जायला 1.2 मिलिसेकंद लागतात; पुढे अशी 1,000 पॅकेट असतील तर कॉलमधला आवाज 1.2 सेकंद उशिरा पोहोचतो. लाइन वाढवली की ही वेळ घटते, पण रांगेत आधी कुणी जायचे हा प्रश्न तसाच राहतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: प्रत्येक प्रवाहाला समान वाटा देणाऱ्या आधुनिक रांगा पुरेशा नाहीत का? उशीर कमी करायला त्या उत्तम आहेत आणि एचटीबीच्या प्रत्येक वर्गाखाली त्या जरूर लावाव्यात. मात्र त्या प्रवाह मोजतात, माणसे किंवा विभाग नव्हे. एकाच वेळी 50 जोडण्या उघडणारे सॉफ्टवेअर एका जोडणीवर काम करणाऱ्याच्या 50 पट वाटा घेऊन जाते. वाटा जोडणीला नव्हे, विभागाला द्यायचा तर श्रेणी लागतेच.

ही शिस्त टिकण्यासाठी रांग आपल्याच राऊटरवर लागली पाहिजे, म्हणून शेपरचा एकूण वेग लाइनच्या वेगापेक्षा थोडा कमी ठेवतात. आकडेही पेलतील एवढेच लिहावे लागतात. एका पालकाखालच्या वर्गांच्या हक्कांची बेरीज पालकाच्या वेगापेक्षा जास्त झाली तरी एचटीबी अडवत नाही. हक्काच्या वेगात असलेल्या वर्गाला ती पालकाकडे न बघता पॅकेट पाठवू देते. मग जास्तीची पॅकेट पुढे मोडेममध्ये साचतात, आणि तिथे कुठलाच वर्ग नसतो.