सांगाडा मिळाला, नाव गाळलं

मैत्रिणींनो, मासा साफ करताना त्याचे काटे कसे जुळलेत, हे आपण कधी निरखतो का? इंग्लंडच्या लाइम रेजिस गावची मेरी ॲनिंग त्यासाठीच मासे चिरायची! सुताराची लेक. १८१० मध्ये वडील गेले, मागे कर्ज. मग समुद्रकाठच्या कड्यांतून जीवाश्म शोधायचे, हलक्या हाताने दगड कोरून हाडं मोकळी करायची, विकायची. त्यावर घर चालायचं.

१८२३ मध्ये तिला प्लेसिओसॉरचा जवळजवळ अख्खा सांगाडा मिळाला. पुढच्या वर्षी लंडनच्या विद्वानांपुढे तो मांडला गेला; हिचं नाव मात्र कुणी घेतलं नाही. मला तर फार लागलं ते.

एका शाळकरी मुलीने आणि तिच्या आईने नेट लावला, तेव्हा २०२२ मध्ये गावात मेरीचा पुतळा बसला. सोबत तिचा कुत्राही आहे. १८३३ मध्ये कडा कोसळून तिच्या डोळ्यांदेखत गेला होता बिचारा.