औषधाला न जुमानणारे जंतू : निवड कोणाची?

डार्विनने १८५९ सालच्या ग्रंथाची सुरुवातच पाळीव प्राण्यांपासून केली. कबुतरांचे शौकीन हवी तीच जोडी लावतात, पिढ्यांमागून पिढ्या रूप बदलते. ही माणसाची निवड. मग क्षयाचे जंतू औषधाला दाद देईनासे होतात, ती कोणाची? आम्ही तिला नैसर्गिकच म्हणू. माणसाचा हात आहे खरा, पण असे जंतू कोणी हौसेने निवडत नाही.

रुग्णाच्या फुफ्फुसात कोट्यवधी जंतू असू शकतात. त्यांतल्या मोजक्यांत रिफाम्पिसिनला पुरून उरणारा बदल आपोआप झालेला असतो. औषध तो घडवत नाही. बाकीचे मारून त्यांना रान मोकळे करून देते. म्हणूनच पहिले दोन महिने चार औषधे एकत्र देतात. एकातून सुटलेला दुसऱ्यात सापडतो.

खोकला थांबला की गोळ्या सोडणारे बरेच भेटतात. त्यांना बोल लावण्याआधी, केंद्रावर गोळ्या होत्या का, हेही विचारावे. अपुऱ्या मात्रेचा धोका फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच सांगितला होता. असे जंतू घरात दुसऱ्याला लागले, तर एकही गोळी न चुकवता त्याला ते औषध पहिल्या दिवसापासून लागू पडत नाही.