रुग्णाचा केसपेपर : हक्क कोणाचा?

दवाखान्यात डॉक्टर ज्या कागदावर रोग, तपासणी आणि औषधे लिहितात त्याला आपण केसपेपर म्हणतो. हा कागद दवाखान्याचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असा पुष्कळांचा समज आहे. बिल भरायचे, हाती पडेल ती चिठ्ठी घ्यायची आणि निघायचे, अशी रीत पडून गेली आहे. हा समज कायद्याला धरून नाही, हे सांगण्यासाठीच आम्ही हा लेख लिहीत आहोत.

रायगडच्या किनाऱ्यावर या कागदाचे महत्त्व अधिकच आहे. म्हसळा-श्रीवर्धनकडील रुग्ण आधी गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, तेथून तालुक्याला, पुढे अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात आणि आजार बळावला तर मुंबईला केईएम, जेजे किंवा टाटा रुग्णालयात. चार ठिकाणी चार डॉक्टर. पहिल्याने कोणते इंजेक्शन दिले, कोणते औषध अंगावर उठले, शस्त्रक्रियेत काय काढले, हे चौथ्याला नेमके कळायचे ते कागदावरूनच. कागद नसला की तपासण्या पुन्हा आणि खर्चही पुन्हा. गेलेला वेळ मात्र परत येत नाही.

नीट ठेवलेली नोंद काय करू शकते याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची लक्षणे बारकाईने टिपून ठेवली. त्यावर आधारलेले त्यांचे लेखन १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आले. प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाविषयी १९८६ साली त्यांनी तेथेच लिहिले. या उपचाराने लाल विंचवाच्या दंशाचे मृत्यू पुष्कळ घटले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातील रुग्णांच्या साध्या नोंदींतून हे घडले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू.

रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, रुग्णाने किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाने मागणी केल्यास रुग्णालयाने व डॉक्टरांनी केसपेपरच्या प्रती दिल्या पाहिजेत. त्यासाठी योग्य तो खर्च घेता येईल, पण नकार देता येणार नाही. हा निकाल १९९६ च्या निकालसंग्रहात प्रसिद्ध आहे.

पुढे भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली डॉक्टरांच्या आचारसंहितेचे नियम केले. त्यानुसार ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी दाखल रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपून ठेवायचे आहेत. रुग्णाने, त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने किंवा कायदेशीर यंत्रणेने मागणी केली तर तिची पोच द्यायची आणि ७२ तासांच्या आत कागद द्यायचे. हे न करणे गैरवर्तन ठरते. ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम आले होते, परंतु त्याच महिन्यात ते स्थगित होऊन २००२ चे नियम पुन्हा लागू झाले.

येथे मुदतीकडे लक्ष द्यावे. ३ वर्षांनंतर कागद मिळेलच असे नाही. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायची असेल तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे मुदत साधारणपणे २ वर्षांचीच आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरवून दिले आहे. म्हणून रुग्ण घरी आला की त्याच आठवड्यात प्रती मागाव्यात. बाह्यरुग्ण विभागातील कागद बहुधा आपल्याच हाती दिलेला असतो, तो आपणच सांभाळायचा.

सरकारी रुग्णालयात दाद मिळाली नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता येतो. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तीही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस, आणि प्रश्न जीविताचा असेल तर ४८ तास.

या हक्काला दुसरी बाजूही आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. न्यायालयाचा आदेश, इतरांच्या जिवाला गंभीर धोका किंवा कळवणे बंधनकारक असलेला रोग, असे मोजके अपवाद आहेत. शेजारी, भावकी, कारखान्याचा मालक यांना ती मागण्याचा अधिकार नाही. एचआयव्हीबाधितांसाठी आणि मानसिक आजाराच्या रुग्णांसाठी २०१७ साली स्वतंत्र कायदे झाले असून त्यांत गुप्ततेला विशेष संरक्षण आहे.

मागणी तोंडी करू नये. 'उद्या या' या उत्तराला पुरावा नसतो. अर्ज असा लिहावा :

"मा. वैद्यकीय अधीक्षक यांस, मी अमुक, आपल्या रुग्णालयात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत दाखल होतो/होते. नोंदणी क्रमांक अमुक. माझे केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, शस्त्रक्रियेची टिपणे, संमतीपत्र, डिस्चार्ज कार्ड व बिलाचा तपशील यांच्या प्रती ७२ तासांत मिळाव्यात. झेरॉक्सचा खर्च देण्यास मी तयार आहे."

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि एकीवर तारीख व शिक्क्यासह पोच घ्यावी. घेण्यास नकार दिला तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती ठेवावी. रुग्ण स्वतः येऊ शकत नसेल तर त्याचे सहीचे किंवा अंगठ्याचे अधिकारपत्र जोडावे. तरीही कागद मिळाले नाहीत तर मुंबईतील महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे डॉक्टरविरुद्ध तक्रार करता येते. तेथे हीच पोच उपयोगी पडते.

कागद मागणे म्हणजे डॉक्टरवर अविश्वास दाखवणे नव्हे. प्रामाणिक डॉक्टरलाही हीच नोंद आधार देते. आमची वाचकांना एवढीच विनंती आहे की, रेशनकार्डाच्या पिशवीत घरातील प्रत्येकाच्या आजाराचे कागद तारखेप्रमाणे लावून ठेवा. ज्या घरात वाचणारे कोणी नाही, तेथे शेजारच्या शिकलेल्या मुलामुलींनी हा अर्ज लिहून द्यावा. त्याला एक कागद आणि पंधरा मिनिटे लागतात.